इंजिन कुठल्या कंपनीचं चांगलं, हा प्रश्नच चुकलाय

मागच्या आठवड्यात मंचरला एका साखरपुड्याला गेलो होतो. मानपान, तारीख, कार्यालय, सगळं गुण्यागोविंदाने दहा मिनिटांत ठरलं. भांडण झालं ते जेवणं उरकल्यावर, बाहेर गाड्या लावल्या होत्या तिथे. विषय होता : कुठल्या कंपनीचं इंजिन सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात जास्त टिकणारं?

पिंपरीहून आलेले जावई म्हणाले, "टोयोटा. विषय संपला." चुलत भावाचा मुलगा चाकणला कामाला आहे, तो म्हणाला, "दाजी, जर्मन इंजिनापुढे बाकी सगळी शिलाई मशीन." एक मामा टाटांचे भक्त, दुसरे महिंद्राचे. आणि कडेला खुर्च्यांवर बसलेली माझ्या वयाची चार-पाच डोकी, त्यांचं एकच पालुपद : "आताची कसली इंजिनं! इंजिन होतं ते पूर्वीचं." आवाज एवढा चढला की सोयरीक मोडली की काय, म्हणून आतून बायका बघायला आल्या.

मला कुणीतरी विचारलं, "नाना, तुम्ही सांगा की." मी नुसता हसलो. तिथे बोललो असतो तर दोन्ही बाजूंचा मार खाल्ला असता. म्हणून इथे लिहितो. नातेवाईक हे पान वाचतात हे मला ठाऊक आहे. त्यांनी राग मानू नये. मानला तरी हरकत नाही.

माझं म्हणणं असं, की बॉनेटवरच्या नावावरून इंजिनाचं आयुष्य सांगणं म्हणजे आडनावावरून पोराचे गणितातले मार्क सांगण्यासारखं आहे. चौतीस वर्षं वर्गात उभा राहिलो, तेवढं मला कळतं.

आता कुणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही मराठीचे बी.ए., तुम्हाला इंजिनातलं काय कळतं? बरोबर आहे. मी फिटर नाही, इंजिनिअर तर नाहीच. पण आमच्या पठारावर इंजिन ही काही गाडीबरोबर आलेली वस्तू नव्हे. माझ्या लहानपणी 'इंजिन' म्हणजे विहिरीवरचं इंजिन. वीज नंतर आली. पुण्याला खडकीत किर्लोस्करांनी १९४६ साली डिझेल इंजिनांची कंपनी काढली, आणि तिथून निघालेली पाच हॉर्सपॉवरची इंजिनं पुढे गावोगावच्या विहिरींवर जाऊन बसली. आमच्या थोरल्या चुलत्यांच्या विहिरीवर तसलं एक होतं. हँडल मारून चालू करायचं. हँडल उलटं आलं तर मनगट गेलंच समजा. आम्हा पोरांना त्याच्या चार हात लांब उभं राहायची ताकीद होती.

चुलते शाळेत गेलेले नव्हते. पण सकाळी इंजिनाला हात लावायच्या आधी ते ऑइल बघायची पट्टी बाहेर काढायचे, धोतराच्या सोग्याला पुसायचे, पुन्हा घालायचे, पुन्हा काढून उजेडात धरायचे. त्या इंजिनाला हवा गाळायला तळाशी ऑइल असलेला डबा होता. हवा त्या ऑइलवरून जायची, धूळ ऑइलात बसायची. दर आठ-पंधरा दिवसांनी तो डबा रॉकेलने धुवायचा, गाळ फेकायचा, ताजं ऑइल घालायचं. हे काम ते दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. ते होते तोवर इंजिन पहिल्या हँडलला चालू व्हायचं. ते गेल्यावर पोरांनी वाटण्या केल्या. इंजिन सामाईक राहिलं. सामाईक म्हणजे कुणाचंच नाही. तीन उन्हाळे काढले त्याने कसेबसे, आणि नंतर भंगारात गेलं. इंजिन तेच, विहीर तीच, डिझेलही त्याच पंपावरचं. आता सांगा, कंपनीचं नाव लावून हे कसं समजावायचं?

पण जावयांना विहिरीवरची गोष्ट पटणार नाही. त्यांना चारचाकीच हवी. ठीक आहे, चारचाकीवर येऊ.

तुम्ही ज्याला 'अमुक कंपनीचं इंजिन' म्हणून छातीवर हात मारता, ते पुष्कळदा त्या कंपनीचं नसतंच. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीची गाडी लोकांनी आयुष्यभर 'फियाट'च म्हटली, कारण इंजिनासकट सगळी मूळ फियाटचीच. महिंद्राची डिझेल जीप ऐंशीच्या दशकात खेडोपाडी धावली, तिच्यात फ्रेंच पुजो कंपनीच्या परवान्यावर बनवलेलं इंजिन होतं. आपल्या भागात मंचर-घोडेगाव-भीमाशंकर रस्त्याने जिने दोन पिढ्या वाहिल्या, आत आठ, मागे लोंबकळणारे पाच आणि टपावर कोंबड्यांच्या टोपल्या, ती टेम्पो ट्रॅक्स. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची. २००५ पासून त्या कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. तिचं इंजिन म्हणजे मर्सिडीजच्या २४० डी गाडीतलं, २.४ लिटरचं, परवान्यावर इथे बनवलेलं. म्हणजे घोडेगावच्या बाजाराला जाणारी आमची म्हातारी माणसं मर्सिडीजच्या इंजिनावर बसून जात होती आणि ड्रायव्हरला शिव्या देत होती.

सगळ्यात गमतीची गोष्ट तर आपल्या शेजारी घडली. शिरूर तालुक्यातलं रांजणगाव आपण महागणपतीसाठी ओळखतो. तिथे फियाटच्या कारखान्यात २००८ पासून १२४८ सीसीचं एक छोटं डिझेल इंजिन बनू लागलं. मल्टिजेट त्याचं नाव. त्याच्या आदल्याच वर्षी तेच इंजिन फियाटच्या परवान्यावर हरियाणात मानेसरला बनू लागलं होतं, मारुतीसाठी. मारुतीच्या स्विफ्ट आणि डिझायरमध्ये ते बसलं. टाटांच्या इंडिका व्हिस्टा आणि मांझामध्ये बसलं. फियाटच्या पुंटो आणि लिनियात तर होतंच. शेवरोलेच्या सेलमध्येही तेच. मोटारींच्या मासिकांनी त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणायला सुरुवात केली. २०२० साली बीएस-६ चे नियम आले आणि ते बंद पडलं.

त्या दहा-बारा वर्षांत ह्याच आपल्या घरात मी काय काय ऐकलं! "मारुतीचं डिझेल इंजिन म्हणजे लोण्यासारखं." "टाटाचं इंजिन दणकट, पण आवाज फार." "फियाट? छे, फियाट कोण घेतं!" मारुतीवाला टाटावाल्याला हसायचा, दोघं मिळून फियाटवाल्याला हसायचे, आणि तिघांच्या बॉनेटखाली भाऊ-भाऊ बसलेले. सासवा-सुनांनी तीन पातेल्यांतून एकच आमटी वाढावी आणि पाहुण्यांनी तीन वेगळे अभिप्राय द्यावेत, तसा प्रकार. (ट्यूनिंग, गिअर, बसवायची पद्धत वेगळी होती, हे मला मान्य आहे. पण भांडण इंजिनाच्या जातीचं होतं, ट्यूनिंगचं नव्हतं.)

आता जावयांची टोयोटा. तिला मी वाईट म्हणणार नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर चार-चार, पाच-पाच लाख किलोमीटर झालेल्या इनोव्हा मी पाहिल्या आहेत, बसलो आहे त्यांत. २००० साली क्वालिस आली तेव्हापासून ह्या कंपनीने टिकाऊपणाचं नाव कमावलं आहे आणि ते फुकट कमावलेलं नाही. (आणि भारतातल्या त्या कंपनीच्या नावात 'किर्लोस्कर'ही आहे, हे जावयांना माहीत आहे का?) पण पाच लाख चाललेली इनोव्हा कुणाची असते, ते बघा. ती भाड्याची असते. ड्रायव्हरचं पोट तिच्यावर असतं. ती सकाळी तापते ती रात्रीच थंड होते. ऑइल वेळेवर बदललं जातं, कारण गाडी एक दिवस उभी राहिली तर घरात एक दिवसाचे पैसे कमी येतात. तेच इंजिन कुणा हौशी माणसाने घेऊन दोन किलोमीटरवरच्या दुकानात जाण्यायेण्यापुरतं वापरलं, तर थंड इंजिन धड तापायच्या आत बंद होतं. न जळलेलं इंधन आणि पाण्याची वाफ ऑइलात उतरत राहते. अशी कमी चाललेली, चकचकीत गाडी आतून लवकर म्हातारी होते.

शिवाय कंपनी कितीही मोठी असो, चूक तिच्याही हातून होते. २०२४ च्या मे महिन्यात टोयोटाने अमेरिकेत तुंड्रा आणि लेक्सस मिळून सुमारे एक लाख गाड्या परत बोलावल्या. कारण काय, तर इंजिन बनवताना धातूचा चुरा आत राहिला होता, त्याने मुख्य बेअरिंग जाण्याची शक्यता होती. ह्युंदाईने २०१५ साली तिथेच लाखो सोनाटा गाड्या बोलावल्या, त्याही अशाच चुऱ्यापायी. जर्मन पक्षाला मी २०१५ ची फोक्सवॅगनची भानगड आठवून देतो. धुराच्या तपासणीला फसवणारं सॉफ्टवेअर. टिकण्याशी त्याचा संबंध नव्हता, हे कबूल. पण "जर्मन ते जर्मन" म्हणताना जरा आवाज खाली ठेवावा.

मग येतात दंतकथा. चाकणवाल्या पुतण्याने मोबाईलवर मला एक बातमी दाखवली : ग्रीसमध्ये ग्रेगोरिओस साचिनिदिस नावाच्या टॅक्सीवाल्याने १९७६ ची मर्सिडीज २४० डी ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४ साली कंपनीच्या संग्रहालयाला दिली. खरी गोष्ट आहे. आपल्या ट्रॅक्सच्याच जातीचं इंजिन, म्हणून मलाही अभिमान वाटला! पण पुतण्याने पुढचं वाचलं नव्हतं. त्या गाडीत इंजिनं आलटून पालटून बसवली जात होती. एक गाडीत, बाकीची दुरुस्त होऊन तयार. म्हणजे ४६ लाख किलोमीटर चाललं ते एक इंजिन नव्हे. चालली ती त्या माणसाची शिस्त.

मला स्वतःला दुसरा माणूस जवळचा वाटतो, कारण तो आमच्याच धंद्यातला. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर अर्व्ह गॉर्डन नावाचे विज्ञानाचे शिक्षक होते. १९६६ साली त्यांनी एक व्होल्वो घेतली. शाळेत जायला-यायला रोजचे दोनशे किलोमीटर. २०१३ साली त्या गाडीचे तीस लाख मैल पूर्ण झाले, म्हणजे ४८ लाख किलोमीटर. इंजिन पहिल्यांदा उघडलं ते ६ लाख ८० हजार मैलांवर, साधारण अकरा लाख किलोमीटरला. २०१८ साली ते वारले. त्यांनी काय जादू केली? दर तीन-साडेतीन हजार मैलांना ऑइल बदललं. कंपनीच्या पुस्तकात जे लिहिलं होतं ते केलं. बस्स. व्होल्वोने तशा हजारो गाड्या विकल्या. बाकीच्या कुठे आहेत?

आता माझ्या पिढीकडे वळतो. कारण तरुणांना झोडपून म्हाताऱ्यांना सोडलं तर अन्याय होईल.

"पूर्वीची इंजिनं टिकायची" ही थाप आहे. आपल्याला विसर पडलाय. फियाट आणि अँबेसेडर गाड्यांची इंजिनं साठ-सत्तर हजार किलोमीटरला धूर मारायला लागायची. रिंगा बदला, बोअर करा, व्हॉल्व्ह घासा. ज्याच्याकडे गाडी असे त्याच्या घरी 'इंजिनाचं काम काढलंय' हे वाक्य 'घराला चुना काढलाय' इतक्या सहज उच्चारलं जायचं. आजचं कुठलंही बरं इंजिन दोन-अडीच लाख किलोमीटर न उघडता जातं. धातू सुधारला, यंत्रकाम अचूक झालं, ऑइल तर कुठल्या कुठे गेलं. जुनी इंजिनं टिकत नव्हती. ती दुरुस्त होत होती. ह्या दोन गोष्टींत आपण गल्लत करतो. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. वीस वर्षं ती टिकली ती रस्त्याच्या कडेला बसून इंजिन उघडणाऱ्या फिटरांमुळे.

पण म्हाताऱ्यांच्या बोलण्यात एक खरा कण आहे, तोही सांगतो. सवयीने मी गणित मांडलं. एका लिटरच्या इंजिनामागे किती हॉर्सपॉवर काढतात? विहिरीवरचं ५५३ सीसीचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन, मिनिटाला १५०० फेरे : लिटरमागे नऊ. मर्सिडीज २४० डी, २.४ लिटरमधून ६५ ते ७२ : लिटरमागे सत्तावीस ते तीस. पद्मिनी, १०८९ सीसी आणि चाळीसच्या आसपास : सदतीस. मारुती ८००, ७९६ सीसीमधून ३७ : शेहेचाळीस. मल्टिजेट ७५ : साठ. आणि आपल्या चाकणला बनणारी स्कॉर्पिओ-एन, २.२ लिटरचं डिझेल, १७५ : ऐंशी.

नऊपासून ऐंशीपर्यंत. तेवढ्याच लोखंडाकडून नऊपट काम. हे शक्य झालं टर्बोमुळे, जास्त दाबाने फवारणाऱ्या डिझेल पंपामुळे, संगणकामुळे. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि ते तरंगतं कशावर, तर ऑइलच्या पातळ थरावर. विहिरीवरच्या इंजिनाला चुकून जुनं ऑइल राहिलं तरी ते कुरकुरत चालायचं, त्याच्यावर ओझंच कमी. आजच्या इंजिनाला माफी नाही. म्हणजे इंजिन सुधारत गेलं तशी मालकाची जबाबदारी वाढत गेली, आणि आपण मात्र उलटा अर्थ काढला : नवीन गाडी आहे, बघायला काय लागतं?

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते.

२०१८ साली माझ्या पुतण्याला माल वाहायला पिकअप घ्यायची होती. आमचं पेठ गाव सातगाव पठारावर, बटाट्याचं. पावसाळी बटाटा निघाला की तो मंचरच्या बाजारात पोचवायला स्वतःची गाडी असली की दोन पैसे हातात राहतात. त्याने मला विचारलं, "नाना, कुठल्या कंपनीची घेऊ?" आणि मी, ज्याने आजवर एकही इंजिन उघडून पाहिलं नव्हतं, छातीठोकपणे एक नाव सांगितलं. वर म्हणालो, "ह्या कंपनीचं इंजिन मरत नाही." कर्जाला जामीन म्हणून सहीही केली. कंपनीचं नाव इथे लिहिणार नाही, कारण पुढे जे झालं त्यात तिचा दोष फार थोडा होता.

गाडी उत्तम होती. तीन वर्षं पोरगा तिच्यावर जगला. शेतातून, मुरमाच्या रस्त्याने, उन्हाळ्यात धुळीच्या लोटातून. पहिल्या सर्व्हिसा फुकट होत्या तोवर केल्या. नंतर "काढणी उरकू दे", "दिवाळी होऊ दे" असं चाललं. २०२१ च्या सप्टेंबरात भरल्या गाडीने मंचरला निघालेला असताना ऑइलचा लाल दिवा लागला. तो तसाच पुढे गेला. मंचर आलंच आहे, बाजार हुकला तर भाव पडेल. अवसरी घाटात खडखड सुरू झाली आणि इंजिन जाम झालं.

शोरूमवाले म्हणाले, सर्व्हिसचा कागद नाही, वॉरंटी नाही, नवीन इंजिन टाका. आकडा ऐकून पोरगा तिथेच खाली बसला. शेवटी मंचरच्या एका फिटरकडे गाडी ओढत नेली. त्याने इंजिन उतरवलं तेव्हा मी शेजारी उभा होतो. तळाच्या चेंबरमध्ये ऑइल नव्हतंच, डांबर होतं. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा वरचा थर जाऊन खालचं तांबं दिसत होतं. फिटरने एअर फिल्टर काढला, जमिनीवर आपटला. माती पडली. आमच्याच शेतातली तांबडी माती, ओंजळभर. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "गुरुजी, ह्याने इंजिनाला तीन वर्षं माती चारलीय."

घरी येऊन मी हिशोब केला. २.४ लिटरचं इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर दोन फेऱ्यांत एकदा ते छाती भरून हवा घेतं. मिनिटाला चोवीसशे लिटर. तासाला १ लाख ४४ हजार लिटर, तीही टर्बोशिवाय. एवढी हवा धुळीतून गाळून घ्यायची, आणि गाळणी बदलायला आमच्याकडे पाचशे रुपये नसतात. क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट केसाएवढी किंवा त्याहून बारीक. ती फट ऑइलने भरलेली असेल तर लोखंडाला लोखंड लागतच नाही. तिथे वाळूचा कण गेला की संपलं. मग ते लोखंड जपानचं असो की जर्मनीचं.

क्रँक पुण्याला नेऊन घासून आणला, एक साइज मोठी बेअरिंगं घातली, बोअर-पिस्टन केलं. एकोणीस दिवस गाडी उभी होती. तेवढ्यात पाऊस लागला. काढलेला बटाटा शेतात भिजला, त्यातला कितीतरी सडला, उरलेला बांधावर आलेल्या व्यापाऱ्याने मागितला त्या भावाला गेला. दोन हप्ते मी पेन्शनमधून भरले. त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते त्याच्या एका वाक्याचं. सगळं उरकल्यावर पडवीत बसून तो म्हणाला, "नाना, तुम्हीच म्हणाला होता, ह्या कंपनीचं इंजिन मरत नाही."

त्याने ते रागाने म्हटलं नव्हतं. त्याने माझ्या शब्दावर खरंच विश्वास ठेवला होता. जे इंजिन मरत नाही त्याची पट्टी कशाला काढून बघायची? मी त्याला गाडीचं नाव सांगितलं, आणि चुलते रोज सकाळी काय करायचे ते सांगितलं नाही. मला ते ठाऊक होतं, पोरवयात रोज पाहिलं होतं. तरी सांगितलं नाही, कारण ते क्षुल्लक वाटलं. कंपनीचं नाव मोठं वाटलं.

म्हणून साखरपुड्यात ती भांडणं ऐकताना माझ्या पोटात कालवलं. तिथे दोन मुलं होती ज्यांना पुढच्या महिन्यात गाडी घ्यायची आहे. ते कान देऊन ऐकत होते.

आमच्याकडे बैलगाडा शर्यतीचं वेड. मध्ये २०१४ पासून सात वर्षं बंदी होती, तेव्हाही गोठ्यातला बैल कुणी उपाशी ठेवला नाही. बैल कुठल्या बाजारातून आणला, कुणाच्या दावणीचा, हे सगळे विचारतात. पण घाटात पळणाऱ्या बैलाचा मालक पहाटे चारला उठून त्याला खुराक देतो, खरारा करतो, त्याचं शेण बघून तब्येत ओळखतो. तोच माणूस दहा लाखांच्या गाडीचं बॉनेट वर्षातून एकदाही उघडत नाही.

आता कंपन्यांना मोकळं सोडलं असं कुणी समजू नये. मालकाची चूक असते, तशी त्यांचीही एक चूक आहे आणि ती सगळ्यांची सारखी आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. कशासाठी? अस्सल सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजला देत नाहीत, बाहेर हात लावला तर वॉरंटी रद्द करतात, म्हणून. यादीत कोण होतं? मारुती, टाटा, महिंद्रा, टोयोटा, होंडा, फोक्सवॅगन, मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, फियाट... साखरपुड्यात ज्यांच्या नावाने आपण एकमेकांच्या अंगावर धावत होतो ते सगळे एका बाकावर बसलेले. पुढे अपिलं झाली, दंडाच्या आकड्यांवर वाद झाले, ते सोडा. २०२२ च्या डिसेंबरात सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात मोटारीही आहेत. चांगलं आहे. पण मंचरच्या फिटरला आजही नवीन गाडीच्या संगणकाचं कोडं सोडवायला पुण्याच्या ओळखीच्या माणसाला फोन करावा लागतो.

आणि कंपनीच निघून गेली तर? जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात शेवरोले विकणं बंद केलं. तळेगावचा कारखाना २०२० च्या अखेरीस थांबला, आता तो ह्युंदाईकडे आहे. ज्यांच्याकडे त्या गाड्या आहेत त्यांची इंजिनं काही एका रात्रीत बिघडली नाहीत. पण एखादा भाग मिळवायला चार ठिकाणी फोन करावे लागले की बायको म्हणते, विका. आणि विकायला गेलं की घेणारा नाक मुरडतो.

तर, "नाना, तुम्ही सांगा की," असं ज्यांनी विचारलं त्यांना माझं उत्तर. जुन्यांत मला एकच निवडायला लावलं तर मी ट्रॅक्समधलं ते २.४ लिटरचं धीमं इंजिन निवडीन. मर्सिडीजचं म्हणून अजिबात नाही. लिटरमागे तीसच हॉर्सपॉवर मागितल्या होत्या म्हणून, आणि घोडेगावपर्यंतच्या प्रत्येक फिटरला ते डोळे मिटून उघडता येत होतं म्हणून. नव्यांत मी नाव सांगणार नाही. आधी आपल्या गावापासून पंधरा किलोमीटरच्या आत कुठल्या गाडीचं इंजिन उघडणारा फिटर आहे ते बघा. त्याच्या दुकानात अर्धा दिवस बसा, कुठल्या गाड्या कशासाठी येतात ते मोजा. भाग संध्याकाळपर्यंत येतो की आठवड्याने, ते विचारा. रोज दोन-चार किलोमीटरच फिरायचं असेल तर डिझेल घेऊच नका. बीएस-६ डिझेलच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते, ती साफ व्हायला लांबची धाव लागते. मग जी परवडेल ती घ्या, टाटा घ्या, टोयोटा घ्या. धुळीत चालवत असाल तर ऑइल आणि फिल्टर पुस्तकात सांगितलंय त्याच्या आधी बदला. टर्बो असेल तर घाट चढून आल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवून मग बंद करा. लाल दिवा लागला तर गाडी तिथेच उभी करा, बाजार हुकला तरी चालेल.

पुतण्याची पिकअप अजून चालू आहे. इंजिनाचं काम केल्यावर त्याने आणखी सव्वा लाख किलोमीटर काढले. सकाळी मी फिरून येतो तेव्हा तो बॉनेट वर करून उभा असतो. पट्टी पुसायला त्याने चुलत्यांसारखं धोतर नेसलेलं नसतं, म्हणून रेडिएटरच्या बाजूला एक जुना बनियन खोचून ठेवलाय.

लग्न वैशाखात आहे. पुन्हा कार्यालयाबाहेर गाड्या लागतील. कुणी हा विषय काढलाच तर मी बोलणार नाही, नुसता एक-एक बॉनेट उघडायला सांगेन. पिशवीत फडका घेऊन येतोय. जावयांपासून सुरुवात करू.